लपवावयाचे शस्त्र

शस्त्राशी आमची ओळख दसऱ्याच्या पूजेपुरती. आणि आमच्या घरी त्या दिवशी पाटावर सरस्वती, लेखणी आणि स्वयंपाकघरातली विळी एवढाच काय तो शस्त्रसंभार असतो. अशा आम्हांस गेल्या वर्षीच्या उन्हाळी सुटीत अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी लेकीबरोबर पिस्तुलांच्या दुकानाची पायरी चढावी लागली.

लेक तेथील एका रुग्णालयाच्या औषधविभागात रात्रपाळी करते. पहाटे दाराबाहेर पडल्यावर मोटारीपर्यंतची दोन-तीनशे पावले तिला नकोशी होतात. "बाबा, उपदेश मागाहून करा, आधी बरोबर तर या," असे ती म्हणाली, आणि आम्ही विरोधाचे भाषण मनात जुळवीत निघालो. टेक्सास राज्यात १९९६ पासून परवाना काढून छुपे पिस्तूल बाळगता येई. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील बहुतेकांस परवान्याचीही गरज उरलेली नाही. तेव्हा कायद्याचा आधार घेऊन बोलण्याची सोय नव्हती.

विक्रेता वयस्क व मृदुभाषी होता. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाची आठवण व्हावी असा. आम्ही परदेशी पाहुणे, म्हणून आमच्या हाती शस्त्र देता येत नाही, हे त्याने आर्जवाने सांगितले. त्यामुळे आम्ही पाहत राहिलो ते लेकीचे हात. याच हातांकडून आम्ही पाटीवर श्रीकार गिरवून घेतला होता.

त्याने तीन नग काढले. पहिले पाच काडतुसांचे आखूड रिव्हॉल्व्हर: यंत्र साधे, बिघडण्याची भीती थोडी, पण चाप इतका जड की ओढतानाच नेम चळावा. दुसरे २०१८ साली निघालेले सिग पी-३६५: तळहाताएवढे, तरी पोटात दहा काडतुसे. तिसरे ग्लॉक १९: मूठभर पकड, चार इंची नळी, पंधरा काडतुसे. लहान पिस्तुलाचा हिसका मोठा, हे आम्हांस तेथेच कळले. वजन कमी, म्हणून धक्का सारा मनगटाला. मोठे हातात नीट बसते, पण सदऱ्याखाली लपत नाही, आणि आठवड्याभरात घरच्या खणात जाऊन पडते. शब्दकोशांचेही असेच नाही काय? जो खिशात असतो त्यात हवा तो शब्द नसतो. पिशवीत मात्र ठेवू नका, पिशवी हिसकावली की पिस्तूलही गेले. चाप पुरता झाकणारे ताठ म्यान घ्या, असे विक्रेता बजावीत होता. आम्ही माना डोलावीत होतो! विरोधाचे भाषण कोठल्या कोठे गेले होते.

लपविण्याची ही विद्या जुनी आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची एकबारी पिस्तुले खिशात मावत. १४ एप्रिल १८६५ रोजी लिंकनच्या मारेकऱ्याने तसलेच वापरले. विक्रेत्यापाशी हा विषय आम्ही काढला नाही.

उठता उठता आम्ही सहज विचारले, "रुग्णालयात हे नेता येते काय?" लेखी परवानगीवाचून नाही, असे उत्तर आले; मोटारीत लहान पेटी बसवून कुलपात ठेवावे. म्हणजे ज्या तीनशे पावलांसाठी हा खटाटोप, ती पावले लेकीने रिकाम्या हातीच चालावयाची! ती आमच्याकडे न पाहता दुसऱ्या पिस्तुलाची मूठ पुन्हा एकदा धरून पाहत होती. त्या दिवशी काही घेतले नाही. विक्रेत्याने तिन्हींचे भाव कागदावर लिहून दिले.

घरी आलो तो पाच वर्षांचा नातू खुर्चीवर स्टूल रचून उभा. सकाळीच कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर, हंड्यामागे, आम्ही लाडवांचा डबा लपविला होता. तो त्याने काढला होता. लेकीने मुकाट्याने त्याला खाली घेतले आणि भावांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

परवा तिचा फोन आला. तिकडे पहाट, इकडे देवापाशी दिवा लावण्याची वेळ. ती धापा टाकीत होती. मग मोटारीचे दार लागल्याचा आवाज आला.

"बाबा, खरे सांगा. त्या तिहींतले तुम्हांला कोणते बरे वाटले होते?"

आम्ही क्षणभर थांबलो. "दुसरे," आम्ही म्हणालो.