पुराव्याचा पहिला पाठ

आपल्या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी आज महाविद्यालयात अध्यापन करतो. डिजिटल न्यायवैद्यकशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम त्याच्याकडे सोपविण्यात आला, तेव्हा त्याने आम्हांस विचारले, "सर, आरंभ कोठून करू?" संगणकाचे आमचे ज्ञान बेताचेच, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे आयुष्य साधनांच्या चिकित्सेत जाते, म्हणून उत्तर देण्याचे धाडस केले.

त्यामागे एक सलही होता. काही वर्षांपूर्वी वसतिगृहात एका मुलाच्या नावे अश्लाघ्य संदेशाचा स्क्रीनशॉट फिरला. आम्ही त्याचा मोबाइल ताब्यात घेतला, चाळला आणि प्रकरण वाढू नये म्हणून संभाषण पुसून टाकले. "मी लिहिलेले नाही," असे मुलगा सांगत राहिला. खरे-खोटे ठरविण्याचे साधन आम्हीच नष्ट केले होते. वडील त्याला घेऊन गेले; तो परतला नाही.

म्हणून सांगितले : सॉफ्टवेअर नंतर शिकव, प्रथम मूळ वस्तू न बिघडविण्याची शिस्त शिकव. हार्ड डिस्क राइट ब्लॉकरमधून जोडावी, तिची तंतोतंत प्रत घ्यावी, दोहोंचे हॅश-मूल्य ताडावे आणि तपासणी प्रतीवरच करावी. एसएचए-256 चे मूल्य 64 चिन्हांत लिहितात. मजकुराचे एक अक्षर बदलले तरी ते सर्वस्वी निराळे येते. पुरावा कोणाकडून कोणाकडे, केव्हा गेला, याची नोंद अखंड असावी.

दुसरा पाठ कायद्याचा. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कलम 65 बी चे प्रमाणपत्र आवश्यक ठरविले. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 आले असून, प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश-मूल्यही नोंदवावे लागते.

तिसरा पाठ मर्यादेचा. फाइलवरील वेळ ही यंत्राच्या घड्याळाची साक्ष. ते घड्याळ चुकीचे असू शकते. यंत्र कोणाचे हे कळले, म्हणजे त्यावर बोटे कोणाची चालली हे कळले, असे नव्हे. साधन अस्सल आहे काय आणि ते सांगते ते विश्वसनीय आहे काय, हे दोन प्रश्न इतिहासात आम्ही वेगळे ठेवतो. तथागतांनीही केसपुत्ताच्या कालामांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, असेच बजावले होते. आम्ही हे वर्गात कितीदा शिकविले, आणि प्रसंगी विसरलो.

निरोप घेताना त्याला म्हणालो, "पहिल्या तासाला आमची चूकच उदाहरण म्हणून सांग. मुलाचे नाव तेवढे वगळ. आमचे घेतलेस तरी चालेल."