भुताला नटबोल्ट नसतात

प्रत्येक होस्टेलला एक भूत असतं. शेवटच्या खोलीतलं, नाहीतर पाण्याच्या टाकीवरचं. लाइट गेली की ते बाहेर पडतं. सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र कुणालाच दिसत नाही!

मी दारव्ह्याची. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, २०२२ मध्ये बंदही झालं, पण आम्ही काही तिथवर पोचलो नाही. आमचं एस्सेलवर्ल्ड म्हणजे यात्रेतला आकाशपाळणा. त्यालाही भूत होतंच. आजी म्हणायची, "रिकाम्या पाळन्यात रातच्याले कोनीतरी बसते म्हन्तात. कायले जातं तिकडं?" कॉन्व्हेंटच्या सिस्टर 'होली घोस्ट' शिकवायच्या आणि घरी आजी हडळ. त्यामुळे हा विषय माझा तसा पक्का आहे.

फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड १९७३ मध्ये सुरू झाली. तिथे म्हणे जॉर्ज नावाचं भूत आहे. बांधकामावरचा वेल्डर, कामावरच गेला. सकाळी त्याला 'गुड मॉर्निंग' केलं नाही तर राइड बंद पडते, असं तिथले कर्मचारी सांगत आले आहेत. पण असा कुणी वेल्डर तिथे मेल्याची नोंद काही सापडत नाही.

आता याच्या अगदी उलट ऐका. कॅलिफोर्नियात लाँग बीचला एका अंधाऱ्या भूतघरात एक पुतळा टांगलेला होता. डिसेंबर १९७६ मध्ये तिथे टीव्ही मालिकेचं शूटिंग होतं. पुतळ्याचा हात तुटला आणि आत निघालं खरं हाड! तो एल्मर मॅककर्डी, १९११ साली ओक्लाहोमात गोळीबारात मेलेला दरोडेखोर. लोक त्याच्या समोरून हसत-किंचाळत जायचे. खरं प्रेत होतं, तरी कुणाला कळलं नाही.

इथपर्यंत गंमत आहे. पुढचं तसं नाही.

११ मे १९८४. न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमधल्या 'हाँटेड कॅसल'ला आग लागली. आपल्याच वयाची, नाहीतर थोडी लहान अशी आठ पोरं गेली. ट्रेलर जोडून केलेला तो भूतबंगला 'तात्पुरता' धरला होता. आत ना स्प्रिंकलर, ना धुराचा अलार्म. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरियात झुलत्या राइडचा दांडा मोडला. दोघे गेले, पंचवीसहून जास्त जखमी झाले. या दोन्ही ठिकाणी भुताने काहीच केलं नव्हतं.

मला वाटतं, भूत सगळ्यांच्या सोयीचं असतं. "ती जागाच वाईट आहे" म्हटलं की शेवटचं ग्रीसिंग कधी झालं, वेल्डिंग कुणी तपासलं, हे कुणी विचारत नाही. भुताला लॉगबुक लागत नाही, कुणाची सहीही लागत नाही.

आपण फटीग शिकतो ना? दांडा एका फेरीत तुटलेला दिसतो, पण चीर आधीच्या हजारो फेऱ्यांत वाढलेली असते. यात्रेतला पाळणा तर गावोगाव ट्रकमधून फिरतो. रातोरात उभा राहतो, आठवड्यात सुटतो, पुढच्या गावी पुन्हा तेच बोल्ट आवळले जातात. त्यात माझी धाकटी बहीण बसते, आणि सगळ्यात वरच्या पाळण्यातून हात हलवते. खाली उभी राहून मी पिना मोजत असते. त्या वेळी हडळीची भीती अजिबात वाटत नाही.

तेव्हा मेकॅनिकलवाल्यांनो, सुट्टीत गावच्या यात्रेला गेलात तर बसण्याआधी एक चक्कर मारा. पायाखालचे लाकडी ठोकळे सरकलेत का, पिनेच्या जागी तार गुंडाळलीय का, जोडावर गंजाची बारीक रेघ आहे का, एवढं बघा. काही दिसलं तर पाळणेवाल्या दादाला बाजूला घेऊन नीट सांगा. बहुतेक तो ऐकेल. दिवसभर त्याच पाळण्याखाली तोही उभा असतो.