धरणगांवाहून कुलाब्यास

खानदेशांतील धरणगांव हें आमचें गांव. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील हें स्थानक प्रवाशांच्या सहसा लक्षांत राहत नाहीं. परंतु बालकवि त्र्यंबक बापूजी ठोमरे १३ ऑगस्ट १८९० रोजीं येथेंच जन्मले, एवढें सांगितलें कीं वाचकांस ओळख पटेल. आमच्याकडचीं माणसें मुंबईस गेलीं म्हणजे महालक्ष्मी व राणीचा बाग पाहून परततात. गेल्या खेपेस मात्र घरांतील तरुणांच्या आग्रहास्तव आम्ही कुलाब्याकडे वळलों.

ताजमहाल हॉटेलावरून समुद्राची खारी हवा घेत आम्ही चाललों. याच कुलाब्यांत पूर्वीं 'स्लिप डिस्क' नांवाचें एक लहानसें नाचघर होतें. आज तें राहिलें नाहीं. 'लेड झेपेलिन' हा १९६८ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेला चौघांचा रॉक संगीताचा ताफा १९७२ मध्यें कीर्तिशिखरावर होता. त्या ऑक्टोबरांत जपानचा दौरा आटोपून त्यांपैकीं दोघे, गायक रॉबर्ट प्लांट व गिटारवादक जिमी पेज, मुंबईस उतरले, आणि एके रात्रीं त्या नाचघरांत मुंबईच्याच तरुण वादकांच्या साथीनें गाऊं-वाजवूं लागले. सहस्रावधि श्रोत्यांची ज्यांस संवय, त्यांच्यापुढें त्या रात्रीं एका खोलींत मावतील एवढीच माणसें होतीं! याच मुक्कामांत त्यांनीं मुंबईचा वादकवृंद घेऊन आपलीं दोन गीतें ध्वनिमुद्रित केलीं. तीं अधिकृतपणें प्रसिद्ध झालीं २०१५ सालीं.

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, ही व्युत्पत्ति आम्ही पुष्कळ वर्षें वर्गांत सांगितली. पण अतिथीस पाट मांडावयाचा तर तो आधीं घरांत असावा लागतो. साथीस उभे राहूं शकणारे ते तरुण तेथें नसते, तर पाहुणे सरबत घेऊन परत गेले असते. त्या तरुणांनीं कोणाच्या तरी घरीं, वडीलधाऱ्यांच्या कपाळावरील आठ्या सोसूनच, हात तयार केले असतील.

परतल्यावर आमच्या घरींही हाच वाद निघाला. माडीवर मुलांनीं गिटार वाजवावी कीं नाहीं? अभ्यासाची हानि होते, असें वडील मंडळींचें म्हणणें. आणि तें अगदींच खोटें नव्हे. तें संगीत आमच्याही कानांस गोड लागत नाहीं. तथापि आम्हीं त्यांस १९०७ सालच्या जळगांवच्या कविसंमेलनाची आठवण दिली. तेथें प्रकार उलटा होता. सभा विद्वानांची, आणि पुढें आलेला धरणगांवचा सोळा-सतरा वर्षांचा पोर. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्याची कविता ऐकली आणि त्यास 'बालकवि' ही पदवी दिली. मोठा लहानांत येवो वा लहान मोठ्यांत, ऐकणारा कान जागा असला तरच भेट घडते.

मग असें ठरलें कीं दिवेलागणीनंतर एक तास वादन, पुढें अभ्यास. आणि आठवड्यांतून एकदां वडील मंडळींनीं माडीवर बसून तें ऐकावें. जेथें चुकलें तेथें चुकलें म्हणावें, साधलें तेथें मोकळेपणें शाबासकी द्यावी. ती पुढें केव्हां तरी देऊं, असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. बालकवि ५ मे १९१८ रोजीं भादलीजवळ रेल्वेच्या अपघातांत गेले, तेव्हां त्यांस अठ्ठाविसावें वर्ष चालू होतें. जळगांवकरांनीं ऐकावयाचें तें वेळेवर ऐकून घेतलें, हें आम्हां खानदेशवासीयांचें भाग्यच म्हणावयाचें.