म्हैसूरच्या ललिता महालात एक मुक्काम

म्हैसूर शहराच्या पूर्वेला, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी ललिता महाल हा पांढराशुभ्र राजवाडा आहे. लंडनच्या सेंट पॉल चर्चची आठवण करून देणारा मधला भव्य घुमट आणि दर्शनी भागात जोडखांबांची रांग. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी १९२१ साली हा वाडा उभारायला घेतला, तो स्वतःसाठी नव्हे तर व्हॉइसरॉयसाहेबांच्या मुक्कामासाठी. आराखडा मुंबईचे वास्तुशिल्पज्ञ फ्रिचली यांचा. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. एवढाले वाडे सांभाळायचे कसे, हा प्रश्न देशभरच्या राजघराण्यांपुढे उभा राहिला आणि अनेक वाड्यांची हॉटेले झाली. ललिता महाल १९७४ साली हॉटेल झाला. भारत पर्यटन विकास महामंडळाने तो अनेक वर्षे चालवला आणि २०१८ साली तो कर्नाटक सरकारकडे गेला.

आम्ही तेथे २०१६ च्या पावसाळ्यात एक रात्र राहिलो. दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरला पाय ठेवायला जागा नसते, पावसाळ्यात मात्र गर्दी नसते. रजा प्रवास सवलतीत गाडीभाडे मिळते, राहण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. एका रात्रीचे भाडे आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढे होते. निघण्यापूर्वी विहारातल्या काही मंडळींनी विचारलेही, "राजेरजवाड्यांच्या वैभवावर आपल्या माणसाने पैसे का उधळावेत? तेच विहाराच्या अभ्यासिकेला द्या." प्रश्न रास्त होता. अभ्यासिकेची वर्गणी आम्ही आधी भरली आणि मग गाडीत बसलो.

आत शिरल्यावर संगमरवरी जिना, रंगीत काचांचे छत आणि जुनी लाकडी लिफ्ट पाहून मुले हरखून गेली. पूर्वी ज्या दालनात साहेबलोकांचे नाच होत, तेथे आता जेवणाची टेबले मांडलेली. वाढणारे वयस्कर गृहस्थ मुलांशी हिंदीत प्रेमाने बोलत होते. नोंदवहीत आम्ही नाव, गाव आणि पत्ता लिहिला. जात विचारणारा रकाना त्यात नव्हता. धाकटीने विचारले, "बाबा, राजा असताना आपल्याला इथे येऊ दिलं असतं का?" तिची आई म्हणाली, "झाडायला येऊ दिलं असतं कदाचित." त्या एका वाक्यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो.

कृष्णराज वडियार हे सुधारक राजे होते, हे सांगितले पाहिजे. १९१८ साली त्यांनी न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सात वर्षांच्या आत वरिष्ठ सरकारी जागांपैकी निम्म्या आणि कनिष्ठ जागांपैकी दोन तृतीयांश जागा ब्राह्मणेतर समाजांकडे याव्यात, अशी शिफारस या समितीने केली. दिवाण विश्वेश्वरय्या यांना हे धोरण मान्य नव्हते आणि त्यांनी पद सोडले. समितीच्या शिफारशींवर सरकारी आदेश निघाला तो १९२१ साली, म्हणजे ललिता महालाचे काम सुरू झाले त्याच वर्षी. आमच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. या राजांचे ऋण आपण मानतोच.

पण चांगला राजा असला म्हणजे रयतेला हक्क मिळतातच असे नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. तेच बाबासाहेब १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला एक खोली मिळेना. नाव बदलून ते दीड रुपया रोजाने एका पारशी खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. संध्याकाळपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. महाराजांचा वरदहस्त असूनही त्यांच्याच राजधानीत उच्चविद्याविभूषित माणसाला छप्पर मिळाले नाही.

म्हणून राज्यघटनेचे १५ वे कलम आम्ही मुलांना तिथेच समजावून सांगितले. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. घटनेत हॉटेल हा शब्द आला आहे, हे अनेकांच्या लक्षात नसते. बडोद्याचा तो दिवस ठाऊक असलेल्या माणसाला त्या शब्दाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ललिता महालाच्या दारातून आम्ही आत गेलो ते कोणा राजाच्या मेहेरबानीने नव्हे. अर्थात जातीचा उंबरठा गेला तरी पैशाचा राहिला आहे. तिथली फरशी पुसणाऱ्या बाईला पाहुणी म्हणून तिथे राहणे आजही परवडणारे नाही. बाबासाहेबांनी राजकीय समतेबरोबर सामाजिक आणि आर्थिक समतेचा आग्रह का धरला, हे त्या झगमगाटात अधिक स्पष्ट दिसते.

म्हैसूरला आपल्या दृष्टीने आणखी महत्त्व आहे. सम्राट अशोकाच्या काळी तिसऱ्या संगीतीनंतर चहूकडे धम्मप्रचारक पाठवले गेले. महावंस सांगतो की महाधम्मरक्खित थेर महाराष्ट्रात आले आणि महादेव थेर महिषमंडलात गेले. अनेक अभ्यासक महिषमंडल म्हणजेच म्हैसूरचा परिसर मानतात. काही जण ते नर्मदाकाठी असल्याचे सांगतात. तेथून पश्चिमेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर बैलकुप्पे येथे १९६१ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. नामद्रोलिंग विहारातल्या सोनेरी बुद्धमूर्तींसमोर आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले. बोली वेगळी, पेहराव वेगळा, तरी शेजारी बसलेल्या भिक्खूंनी हसून मान डोलावली. घरदार सोडून आलेल्या या लोकांनी परक्या मुलुखात आधी विहार आणि शाळा उभ्या केल्या.

मुंबईहून जाणाऱ्यांना दादरहून शरावती एक्सप्रेस सोयीची आहे. जाण्यापूर्वी हॉटेलची चौकशी मात्र करावी. मुक्काम परवडत नसेल तर म्हैसूरमध्ये साध्या धर्मशाळा आणि लॉज पुष्कळ आहेत, बैलकुप्प्याला एका दिवसात जाऊन येता येते. सहलीला जाताना सोबत संविधानाची एक छोटी प्रत ठेवा आणि मुलांना संध्याकाळी एक कलम वाचून दाखवा. राजवाडे कोणासाठी बांधले गेले आणि आज त्यांची दारे कोणत्या कायद्याने उघडी आहेत, एवढे त्यांना कळले तरी प्रवासखर्च वसूल झाला असे समजावे.

जय भीम!