अँटवर्प ते लेस्टर : अंतर, वेळ आणि सूर्यास्त

पश्चिम युरोपातील दोन नगरे जैन समाजाच्या विशेष परिचयाची आहेत. बेल्जियममधील अँटवर्प ही हिऱ्यांची पेठ. पालनपूरहून गेलेली अनेक कुटुंबे तेथे स्थिरावली असून, विल्रिक उपनगरात शंखेश्वर पार्श्वनाथांचे संगमरवरी मंदिर उभे आहे. दुसरे इंग्लंडमधील लेस्टर. तेथील एका जुन्या चर्चच्या वास्तूत साकारलेल्या जैन केंद्राची प्रतिष्ठा १९८८ मध्ये झाली. श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी या सर्वांना तेथे एकाच छताखाली स्थान आहे.

नकाशावर या दोन नगरांतील सरळ अंतर सुमारे ४०० किलोमीटर भरते. दोहोंना जोडणारी थेट विमानसेवा मात्र नाही. ब्रुसेल्सहून लंडनला विमानाने जावे, तर वेळापत्रकात सव्वा तासाच्या आतबाहेरचा अवधी दिसतो. त्यातही प्रत्यक्ष आकाशातील काळ पाऊण तासाच्या आसपास. उरलेला धावपट्टीपर्यंतच्या संथ वाटचालीत जातो. विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावरची पारपत्र तपासणी, लंडन शहर ओलांडणे आणि लेस्टरची गाडी हे सारे जमेस धरता घर ते मुक्काम सात तास सहज लागतात.

आगगाडीचा मार्ग याहून लांब, पावणेसहाशे किलोमीटरांच्या घरातला. तरी वेळेचा ताळेबंद त्याच्याच बाजूने झुकतो. अँटवर्प ते ब्रुसेल्स पाऊण तास, तेथे तपासणीसाठी एक तास, मग १९९४ मध्ये खुल्या झालेल्या सागरी बोगद्यातून लंडनचे सेंट पँक्रस स्थानक दोन तासांत. लेस्टरची गाडीही त्याच स्थानकातून सुटते व सुमारे सव्वा तासात पोहोचवते. एकूण साडेपाच तास. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात नसल्याने भारतीय पारपत्रधारकास दोन्ही व्हिसा स्वतंत्र लागतात, हे विसरून चालत नाही.

चौविहार पाळणाऱ्या प्रवाशास आणखी एक हिशेब मांडावा लागतो. जूनमध्ये अँटवर्पचा सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा चिंता नसते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तेथे सूर्योदय पावणेनऊला होतो. म्हणजे नवकारशी साडेनऊनंतर. अल्पाहार करून दहाची गाडी धरली, तर लेस्टरला तेथील घड्याळाप्रमाणे अडीच वाजता पोहोचता येते, कारण ब्रिटनचे घड्याळ एक तास मागे असते. सूर्यास्त चारच्या किंचित आधी; जेवणास तास-सव्वा तास मिळतो. त्याच वेळी निघून विमानमार्ग स्वीकारल्यास पोहोचेपर्यंत चार वाजतात आणि दिवस संपलेला असतो.

परतीचा प्रवास अधिक कठीण. लेस्टरहून सकाळी दहाला निघाल्यास अँटवर्पला साडेचार वाजतात आणि सूर्यास्तास जेमतेम दहा मिनिटे उरतात. म्हणून जेवण वाटेतच, गाडीत उरकावे हे श्रेयस्कर. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई असल्याने पेढे-बर्फी वगळून डब्यात खाकरे आणि सुकी भाजी असावी.

तिकिटावर छापलेला काळ हा वाहनाचा असतो. प्रवाशाचा काळ उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजावा लागतो. व्यापारात खरेदीच्या किमतीत वाहतूक, हमाली आणि जकात मिळवल्याविना पडतळ निघत नाही; प्रवासाचेही तसेच आहे. ती आधी काढली, तर व्यवहार आणि व्रत दोन्ही अबाधित राहतात.