दानाचं खातं वेगळं

चि. निखिल,


आजीच्या नावानं ट्रस्ट काढून गावी रुग्णालय बांधणार आहेस, असं वहिनीकडून कळलं. आनंद झाला. पण माझा जन्म लोकांचे हिशेब तपासण्यात गेला, त्यामुळे थोडं बोलल्याशिवाय राहवत नाही.

मुंबईचे जमशेटजी जीजीभाई चीनच्या व्यापारात श्रीमंत झाले. त्या व्यापारात कापूस होता, तशी अफूही होती. त्यांच्या देणगीच्या आधारानं १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. गोरगरीब आजही तिथे बरे होतात. म्हणून अफूनं चीनमध्ये बुडालेले संसार पुसले जात नाहीत. आणि अफू होती म्हणून रुग्णालयही खोटं ठरत नाही. ही दोन खाती आहेत. एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करायची नाही.

आता तुझं बघू. तुझ्या गोदामात काम करणारी पोरं कंत्राटदाराची, असं तू म्हणतोस. पण कंत्राटदारानं मजुरी थकवली तर ती मूळ मालकानं चुकती करायची, असं कायदाच सांगत आला आहे. त्या पोरांचा पीएफ भरला जातो का, ओव्हरटाइम मिळतो का? ती बाकी रुग्णालयानं फिटणार नाही.

सीएसआरचंही, म्हणजे कंपनीच्या सामाजिक खर्चाचंही, कौतुक सांगू नकोस. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावेच लागतात. त्यात औदार्य कसलं? स्वतःच्या खिशातून देशील आणि त्यावर आयकरात सवलत घेशील, तर सरकारचा तेवढा कर बुडतो, म्हणजे तुझ्या देणगीत सगळ्यांचाच वाटा येतो. मग विश्वस्त म्हणून नुसती घरचीच माणसं कशी चालतील? गावातली, तुला नाही म्हणू शकणारी दोन माणसं तरी घे.

जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी माहीमच्या कॉजवेसाठी दीड लाखावर रुपये दिले, ते एका अटीवर: येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. ही अट मला फार मोलाची वाटते. हल्लीचा टोल पैशात नसतो. रुग्णाला खाटेवर बसवून फोटो काढतात, उद्घाटनाला गाव ताटकळत ठेवतात, भिंतीभिंतीवर नाव लावतात. आजीचं नाव दारावर एकदा लाव, पुरे.

ट्रस्टचा मसुदा पाठव, वाचते. सोबत कंत्राटदाराचं हजेरीपत्रक आणि पीएफची चलनंही पाठव. मी आधी ती तपासणार आहे.

तुझी,
आत्या