उतरंडीची जागा

गेल्या भाद्रपदांतील ही गोष्ट. गिरगांवांतील आमच्या चाळीच्या गणपतीभोंवतीं आठ दिव्यांची फिरती माळ करून देण्याचें मीं मोठ्या ऐटीनें कबूल केलें होतें. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आतांच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, ८०५१ जातीची एक चिप आणली आणि चार रात्री जागून तिच्यासाठीं प्रोग्राम लिहिला. प्रतिष्ठापनेच्या संध्याकाळीं दिवे डौलानें फिरूं लागले. परंतु आरती अर्ध्यावर आली असतां ते एकाएकीं सारेच मालवले, आणि थोड्या वेळानें आपोआप पुन्हां लागले. कधीं पांच मिनिटांनीं, कधीं पंधरा मिनिटांनीं, हाच प्रकार! मंडळी तोंडावर कांहीं बोलली नाहीं, हेंच मला अधिक लागलें.

दुसरे दिवशीं मीं दुकान गांठलें व तेथील वृद्ध दुकानदारास, "शेटजी, तुम्हीं खराब माल दिलात," असें चार माणसांदेखत सुनावलें. त्यांनीं वाद न घालतां दुसरी चिप माझ्या हातावर ठेवली. त्या रात्रीं तिनेंही तेंच केलें. तेव्हां कोठें मीं चिपची माहितीपुस्तिका उघडली.

प्रोग्राम एक काम अर्धवट ठेवून दुसऱ्याकडे वळतो, तेव्हां परत कोठें यावयाचें तो पत्ता मेमरींत ठेवून जातो. हे पत्ते आजीच्या स्वयंपाकघरांतील उतरंडीच्या मडक्यांप्रमाणें एकावर एक चढतात, आणि शेवटीं ठेवलेला आधीं निघतो. यासच स्टॅक म्हणतात. इंटेलनें १९८० सालीं काढलेल्या या चिपमध्यें असे मेमरीचे कप्पे अवघे १२८, शून्यापासून १२७ पर्यंत. उतरंड कोठें मांडावी हें आपण सांगितलें नाहीं, तर स्टॅक पॉइंटर आरंभीं ७ वर असतो आणि पहिलें मडकें ८ व्या कप्प्यांत बसतें. एका पत्त्यास दोन कप्पे लागतात. माझा प्रोग्राम एका पोटकामांत व त्यांतून दुसऱ्या पोटकामांत शिरला कीं ८ ते ११ हे कप्पे भरत. आणि नेमकी त्याच क्षणीं टायमरची हांक आली, तर तिसरा पत्ता १२ व १३ मध्यें जाई. कोणता दिवा लावावयाचा तो आंकडा मीं १२ व्या कप्प्यांतच ठेवला होता! त्यावर पत्ता येऊन बसला कीं आंकडा दीडशेंच्या घरांत जाई. दीडशेंवा दिवा आमच्या माळेंत कोठून असणार? तो वाढत वाढत २५५ च्या पुढें शून्यावर येईपर्यंत काळोख.

उपाय एका ओळीचा निघाला. प्रोग्रामच्या आरंभींच स्टॅक पॉइंटरमध्यें ४७ घातले. तेव्हांपासून उतरंड ४८ व्या कप्प्यापासून चढूं लागली. तिला ८० कप्पे मोकळे मिळाले. मोठ्या संगणकांवर ही काळजी सहसा आपल्याकडे नसते. लिनक्ससारखी प्रणाली तर दर खेपेस स्टॅकची जागा मुद्दाम बदलते, कीं घुसखोरास ती आधीं ठाऊक असूं नये. लहान चिपवर मात्र घरचे कारभारी आपणच.

दिवे त्यानंतर एकदांही मालवले नाहींत. दुकानाची पायरी चढण्यास मात्र मला आणखी चार दिवस लागले. "शेटजी, चिप उत्तम होती, चूक माझी होती," असें मीं गिऱ्हाइकांदेखतच सांगितलें. त्यांनीं खण उघडून पहिली चिप काढली. ती कागदांत गुंडाळून वर लाल शाईनें फुली केली होती. "कोणाला विकली नाहीं," एवढेंच ते म्हणाले. मीं दोन्हींचे पैसे दिले, आणि ती चिप त्या फुलीच्या कागदासकट घरीं आणली.